महिळेयरिगे

हुबळीच्या लिलावात नवऱ्यानं बस घेतली
तेव्हा मी वडगावात मागावर होते.
फोनवर म्हणाला, थांब, आवाज ऐकवतो,
आणि तोंडानंच केला इंजिनाचा आवाज,
कारण बॅटरी डेपोनं आधीच काढून घेतलेली.

ट्रकच्या मागं ओढत आणली, शंभर किलोमीटर.
मजगावच्या बोळात वळताना
बिर्ज्यांच्या तुळशीकट्ट्याचा कोपरा गेला.
सिमेंट आम्हीच भरून दिलं.

आधी सीटा निघाल्या. एकावन्न.
सेहेचाळीस हत्तरगीच्या चहावाल्यानं नेल्या,
चार गणपती मंडळानं, एक राहिली.
खाली सापडली शेंगांची टरफलं,
गोकाकच्या कुठल्या डॉक्टरची चिठ्ठी,
‘जेवणानंतर’ एवढंच वाचता येई,
आणि एका पायातलं जोडवं.
डेपोत देऊन येऊ, वैजू म्हणाली.
तीन दिवस दप्तरात घेऊन फिरली.

दस्तगीर वेल्डिंगला यायचा नमाज आटपून,
ईरण्णा बडिगेर रंधा काखेत मारून.
एक उर्दूतून मोजायचा, एक कन्नडातून,
नवरा मराठीतून. पट्टी तिघांत एकच,
त्यामुळे वरखालचे पलंग नीट बसले.
फक्त कपाटाचं दार उलटं उघडतं,
ते कुणाच्या भाषेत चुकलं
कोण सांगत नाही अजून.

स्वयंपाकाची जागा नवऱ्यानं खडूनं आखली
डाव्या अंगाला, तिसऱ्या खिडकीखाली.
शेगडी इथं, बेसिन इथं, डब्यांची फळी.
मी वर बघितलं.
पिवळ्या रंगात सहा अक्षरं:
महिळेयरिगे.
बायकांसाठी.
त्याला कन्नड बोलता येतं पाण्यासारखं,
वाचता येत नाही. मला येतं.
सांगितल्यावर म्हणाला, मग बरोबरच आलंय की!

मी पाना उचलला.
नट ढिला होता, म्हणून.

शेगडी गेली मागं, आणीबाणीच्या दारापाशी.
भाकरीला वारा लागेल, म्हटला. लागू दे.
त्या सहा अक्षरांखाली माझी गादी,
पाय पूर्ण पसरतील एवढी,
मागावरून आल्यावर पडले की
कुणी हाक मारायची नाही.
सगळी बस रंगवली दस्तगीरनं,
तेवढं नाव सोडलं,
चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून.

पुढची पाटी कोरीच आहे.
कपिल म्हणतो, गोवा लिहा.
वैजू म्हणते, ‘मने’ लिहा,
कन्नडवाले घर म्हणून वाचतील
आणि आपली माणसं मनं म्हणून.
नवरा म्हणतो, आधी आरटीओ.
आरटीओ म्हणतो, आसनक्षमता किती?
चार झोपलेले, एक रिकामी,
असा रकाना नाही त्यांच्याकडं.

कागद यायचेत. चाक हललेलं नाही.
तरी काल रात्री झोपलो तिच्यातच,
दारात, चिंचेखाली.
पडदे डागी साडीचे,
माझ्याच मागावर धागा चुकलेले.
दिवा लावल्यावर ती चूक
मुद्दाम काढलेल्या नक्षीसारखी दिसली,
आणि मी कुणाला काही सांगितलं नाही.

पहाटे कल्लव्वा बाजाराला निघालेली,
डोक्यावर मेथीची बुट्टी.
थांबली. हात केला.
ई बस यल्लिग होक्कैती?
इल्ले, म्हटलं. इथंच.
थट्टा करत होती की अंधारात खरंच फसली,
कळायला मार्ग नाही. चढली मात्र.
बुट्टी ठेवली उरलेल्या सीटवर,
स्वतः टेकली माझ्या गादीवर, पायाशी,
आणि चंचीतून आधार कार्ड काढून
फुकटच्या तिकिटासाठी माझ्यापुढं धरलं.

मी बघितलं. परत दिलं.
तिनं पत्र्यावर दोनदा थाप मारली.
रैट, रैट.

वरच्या पलंगावर, झोपेतच,
नवऱ्याचा डावा पाय हलला,
क्लच दाबल्यासारखा.