मधली हवा

उजळाईवाडीच्या टॉवरला
पाचटाचा धूर चिकटलाय आज.
पट्टीवर मुजावरचं विमान वळणाशी अडलंय,
"ब्रेक धरलाय, मॅडम."
मागून ऋजुता घोरपडे उतरतेय,
एकटीनं, तिसऱ्यांदाच.
दोघांच्या मध्ये
उसाच्या एका फडाएवढी हवा,
तीही आटतेय.

"ऋजुता, उतरू नको. वर जा."
आवाज सपाट ठेवला,
पाय मात्र खुर्चीखाली तिचं इंजिन रेटत होते.

टिटव्या उठल्या. ती गेली
गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांवरून, डावीकडं.
"झालो बाजूला," मुजावर म्हणाला,
उगाच हसला.

वहीत लिहिलं: पाच एक्केचाळीस, पट्टी मोकळी नव्हती.

ती परत आली.
समोर पार टोकापर्यंत नुसतं डांबर.
तरी "उतर" म्हणण्याआधी
मी ते पुन्हा एकदा पाहून घेतलं.