दम

हर्णैच्या लिलावाची वाळू संध्याकाळी झाडून घेतात,
खवले तरी राहतातच. त्यावरच चुन्याची रेघ.
बावीस वर्षं मी या रेघेच्या कडेला
भोंग्यावर बोलतो आहे.
शाळेतून निवृत्त झालो, इथून नाही.

नव्या माणसाला कबड्डी समजावताना म्हणतो,
परक्याच्या अंगणात शिरायचं,
एकच शब्द बोलायचा, एकाच श्वासात,
आणि जिवंत परत यायचं.
याला आमच्याकडे दम म्हणतात.
दम धरतात, दम लागतो, दम तुटतो.
दम देतात, तो मात्र वेगळा.
नवा माणूस हसतो. पुढचं मी सांगत नाही.

यतीन भाटकर अडखळचा.
गावाचं नाव सोडलं तर कुठे अडखळला नाही.
त्याचाही लिलाव झाला, मोठ्या हॉटेलात, पडद्यावर.
बावीस लाख.
छातीवर एका दूरच्या राजाच्या विमान कंपनीचं नाव.
आईला ते वाचता येईना.
तिने बनियनवरून हात फिरवून पाहिला,
म्हणाली, टाके बरे आहेत.

त्याच राजाच्या बंदरात
आमचे तिघे अडकले, अकरा महिने झाले.
जहाज कुणाचं, झेंडा कुणाचा,
कुणी कुणाला तेल विकलं म्हणून कोण रागावलं,
मला नीट कळलेलं नाही. दिल्लीलाही कळलं नसावं.
इम्तियाज परकार. जयराम पावसे.
आणि नौमान मुकादम,
तो तर पहिल्याच फेरीला गेलेला.

सामना जिंकल्यावर यतीनने कॅमेऱ्यासमोर तळहात धरला.
निळ्या पेनाने तीन नावं, घामाने पसरलेली,
खाली ‘सोडा त्यांना’.
एवढंच.

मग मालकांचा फोन. मग वाहिनीचा.
मग माफीपत्र आलं, शुद्ध मराठीत,
‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’.
सही करताना तो पहिल्यांदा अडखळला
आणि पेन खाली ठेवलं.
खेळात राजकारण नको, म्हणाले.
छातीवरचा राजा होता तिथेच राहिला,
बनियनच्या आतला माणूस बदलला.

म्हणून यंदा तो इथे, आमच्या मंडळाकडून, अनवाणी.

मांडव आणि ढाल तोडणकर शेठची,
बर्फ कारखानावाले.
त्यांची कोळंबी जाते त्याच बंदरात.
माणूस वाईट नाही,
माझ्या बायकोला डायलिसिसला नेणारी गाडी त्यांचीच.
चहाचा कप पुढे सरकवत म्हणाले,
‘मास्तर, आज त्याला नंबराने पुकारा.
चारशे बाया सोलायला बसतात माझ्याकडे, त्यांचं बघा.’

मी बघितलं.
संध्याकाळभर तो सात नंबर होता.

शेवटची चढाई.
माझ्या टेबलापासून चार हातांवर तो रेघ ओलांडून गेला
आणि मला ऐकू आलं,
इम्तियाज जयराम नौमान इम्तियाज जयराम नौमान,
बारीक, सलग, सुईत दोरा ओवावा तसं.
दोघांना शिवला. परत आला. श्वास तोच.
पंचांनी शिट्टी मारली. बाद.
नियम आहे, शब्द एकच हवा.
सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं,
कारण सांगायचं काम माझं.
‘सात नंबर,’ मी म्हणालो, ‘दम तुटला.’

तुटला नव्हता.

दोरीपाशी नौमानची आई उभी,
कोळंबीने बोटांची सालं गेलेली.
‘मास्तर, नावां बरी आयकू नाय आली.
परत सांगशील?’

मी बर्फ कारखान्याची जाहिरात वाचली.
तीनदा. ठरल्याप्रमाणे.

हल्ली रात्री पडवीत दिवा न लावता बसतो,
तिन्ही नावं एका श्वासात घेऊन पाहतो.
जयरामपर्यंत जमतं.