तक्रारीचा प्रकार

बलदियाच्या फाटकासमोर, ज्यूसवाल्याच्या भिंतीला टेकून
माझं टायपिंगचं दुकान.
टेबल एक, खुर्च्या दोन, पंखा मालकाचा.
शहराचं नाव सूर. जुळतो कमीच.
जे जुळत नाही ते आधी माझ्याकडे येतं,
मग शिक्का लागून सरकारकडे जातं.

हमूदचं कुंपण दोन वीत उंच झालंय,
शेजारच्या अंगणात चारलाच सावली पडते.
कुणाच्या बकऱ्यांनी दवाखान्याचे पुठ्ठे खाल्ले.
बदाम एकाचा, पानं दुसऱ्याच्या हौदात.
जहाजांच्या कारखान्यातला भुसा
वाळत घातलेल्या दिशदाशांवर.
सलूनच्या पाटीला परवाना हिरव्या रंगाचा, लावली निळी.
मी सगळ्यांना तीनशे बैशांत
अदबीनं भांडायला लावतो.
शिव्या गाळतो, घर क्रमांक ठेवतो.

मार्चमध्ये झुवेना बिन्त मसूद आली.
झांझिबारहून परतलेलं घराणं,
बोलते स्वाहिली वळणाची अरबी,
लिहायचं म्हटलं की हात झटकते.
पत्ता सांगितला: इमारत सत्तावीस, पहिला मजला.
मी मान वर केली नाही.
सत्तावीसमध्ये मीच राहतो. तिच्या डोक्यावर.

"लिही," म्हणाली,
"वरचा माणूस पहाटे चार-दहाला उठतो.
आधी नळ. मग खोकला, दोनदा.
मग कुटतो, दगडात दगड.
ओलं वाटण नव्हे, ओल्याचा आवाज चिकट असतो.
हा कोरडा. लसूण असेल, खोबरं असेल.
शुक्रवारी कुटत नाही.
शुक्रवारी तर मला जास्तच जाग येते,
का कुटत नाही म्हणून."

अकरा वर्षांत माझी इतकी नोंद कुणी ठेवली नव्हती.
गुहागरहून भाऊ फोनवर विचारतो, तिकडे आता किती वाजले?
दीड तास मागे रे. अजून दीडच.
खोकल्याचं तर मलाच माहीत नव्हतं.

तिच्या ठोकाठोकीला मी नियमातला शब्द दिला,
विश्रांतीच्या वेळेचा भंग. कलम घातलं.
अर्ज इतका चोख उतरला
की वाचताना मला माझाच राग आला.

त्या रात्री खलबत्त्याखाली टॉवेलची घडी ठेवून पाहिली.
मग नकोच वाटलं. कपाटात टाकला.
डब्याला नुसतं दही.

निरीक्षक खमीस आला, सकाळी अकराला, सरकारी वेळेत.
मला दारात बघून हसला,
"अर्ज तुझ्याच मशीनवरचा दिसतो."
चहा घेतला, कान देऊन बसला,
शेरा लिहिला: आवाज आढळला नाही. प्रकरण बंद.

तीन आठवड्यांनी झुवेना परत खुर्चीत.
"अजून एक लिही. वरचं कुटणं थांबलंय.
नळ सुद्धा ऐकू येत नाही आताशा,
कुटणार म्हणून मी त्याच्या आधीचं ऐकायची.
माणूस एकटा असावा.
बलदियानं दार उघडून बघावं."

अर्जात एक चौकट असते, तक्रारीचा प्रकार.
कचरा, पाणी, जनावर, भिंत, झाड, आवाज.
यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली.
पंख्याची धूळ असेल,
मला खोकला आला.
दोनदा.

ती गप्प झाली. पर्स उघडली, मिटली.
"लिही लिही," म्हणाली, "थांबलास का?"

मी 'आवाज'वर खूण केली.
तिनं अंगठ्याला शाई लावली,
मग आठवून पुसली आणि सही केली.
सुट्टे नव्हते, शंभर बैसा बाकी राहिले.
"उद्या देते," उठता उठता म्हणाली,
"मी लवकर उठते."