बेरीज शंभर

कागद एकच. त्यावर तीन नावं,
नावापुढे रेघ, रेघेपुढे टक्क्याचं चिन्ह.
खाली बारीक अक्षरांत: बेरीज शंभर यावी.
बारापैकी दहा जणांचं जमलं तरी पुरे,
असं न्यायाधीशबाई म्हणाल्या,
आणि शिपायाने दुपारच्या सँडविचची यादी फिरवली.

आमच्याकडे विस्कॉन्सिनात रस्त्यांना अक्षरं असतात.
एच आणि केके जिथे एकमेकांना छेदतात
तिथे ऑक्टोबरात, रात्री अकरा अठ्ठेचाळीसला,
हवालदार ड्वेन हाल्वरसन ताशी एक्क्याऐंशी मैलांनी आला
आणि एलिडा ब्रोकमन थांबली नाही,
किंवा थांबून निघाली,
किंवा (वकील इथे पाणी प्यायला)
थांबायचं असतं हे तिला दिसलंच नाही.

दिवे चालू होते. भोंगा बंद.
चोराला चाहूल लागू नये म्हणून अर्धा मैल आधी बंद करायचा,
शिकवलंय तसं. शिकवणाऱ्याचं नाव कागदावर नव्हतं.

तिचं कानातलं यंत्र एप्रनच्या खिशात सापडलं.
चीजच्या कारखान्यात आठ तास पिंपं धुतल्यावर
कोणीही काढून ठेवेल ते. मीही ठेवलं असतं.
पण बचावाच्या वकिलाने ते पारदर्शक पिशवीत घालून
आमच्या हातांतून फिरवलं,
शेंगदाण्याएवढं.

आणि मका. नऊ फूट, कोपऱ्यापर्यंत,
थांबा म्हणणारी लाल पाटी पानांत बुडालेली.
म्हणून तिसरं नाव माणसाचं नव्हतं, काउंटीचं होतं.
काउंटी कोर्टात येते तेव्हा
राखाडी सूट घालून येते आणि टिपणं काढते.

चोर नव्हताच.
म्हाताऱ्या व्हर्नन टीशने फोन केला की मागचं दार कोणीतरी बडवतंय.
बडवत होती त्याची बायको.
झोपेच्या कपड्यांत बाहेर गेली होती, आणि परत कसं यायचं
ते विसरली होती.
अकरा पन्नासला त्याचा दुसरा फोन:
नका येऊ, आमचीच आहे.
ती ध्वनिफीत आम्हाला दोनदा ऐकवली.
दुसऱ्यांदा रोवीना उठून खिडकीशी गेली.

खापर फोडायचं म्हणजे एका डोक्यावर, असं मला वाटायचं.
इथे ते आधी फोडून आणलेलं,
आम्ही फक्त तुकडे तोलायचे.
साठ म्हण. साठ फार होतात, पोरगा मदतीलाच निघाला होता.
ती पण घरीच निघाली होती, लॉयल म्हणाला,
आणि मग बराच वेळ कोणी काही म्हणालं नाही.
कोणीतरी कॅल्क्युलेटर मागितला.
बेरीज एकशे पाच येत होती.

निवडीच्या दिवशी मला विचारलं होतं, तो चौक ठाऊक आहे?
म्हटलं, जातो तिथून.
पुढचा प्रश्न कोणी केला नाही.
मी शाळेची बस चालवतो, चौदा नंबरची.
दोन वर्षं सप्टेंबर लागला की त्या कोपऱ्यावर
बसचं नाक हळूहळू पुढे काढतो, मका बाजूला सारल्यासारखं,
मागे एकवीस मुलं.
काउंटीचा नंबर डॅशबोर्डवर चिकटवलेला आहे.
फोन करायचा राहिला. राहत गेला.

पंचावन्न, पंधरा, तीस.
माझाही हात वर होता.
हाल्वरसनने आकडे ऐकले
आणि उजवा हात, जो आता पुरता मिटत नाही,
टेबलाखाली नेला.
एलिडाचा मुलगा ओठ हलवत बेरीज करत होता.
बरोबर आली असावी.

आता नोव्हेंबर. मका कापून झालाय.
पाटी एवढी लांबून दिसते
की ती तिथे नव्हती असं कोणाला पटू नये.
मी थांबतो. डावीकडे बघतो, उजवीकडे, परत डावीकडे.
मागच्या बाकावरून टीशांची नात विचारते,
इथे कोण चढतं?