शेपटीखालची शीर

शेपूट सरळ वर उचलून धरायची,
मग गाय लाथ मारत नाही. बहुधा.
खाली, दोन मणक्यांमधल्या खाचेत
बोटाला लागते ती शीर.
सुई आत. नळीत काळपट लाल चढत जातं.
गोठ्याबाहेर ओटोरोहांगाच्या टेकड्यांवर मार्चचं ऊन,
आणि डेस हॅलिडे वहीत नंबर टिपतोय :
तीनशे बारा.

"हिला कशाला टोचतेस? ही धडधाकट आहे.
ती दोनशे सात बघ."

दोनशे सात मी पाहिली येताना.
पाइनच्या सावलीला चिकटून उभी,
पाठीची कातडी जुन्या रंगासारखी पोपडे धरून सुटलेली,
तीही फक्त पांढऱ्या ठिगळांवर.
काळ्यावर ओरखडासुद्धा नाही.

मी दर वर्षी सांगते, तो दर वर्षी विसरतो :
उबदार रात्री, जरासा पाऊस,
की गवताच्या बुडाशी, कुजल्या पात्यांवर बुरशी धरते,
काजळीच्या कणांएवढी.
गाय चरत जाते खाली, आणखी खाली.
यकृतात पित्ताच्या वाटा बुजतात,
मग खाल्लेला हिरवेपणाच बाहेर पडत नाही.
रक्तातून हिंडत हिंडत कातडीपर्यंत येतो
आणि तिथे त्याला ऊन भेटतं.

माझी आई यकृताला अते म्हणायची.
तिचं जिवलग माणूसही तिथेच राहायचं,
उजव्या बरगडीखाली.
वडील वारले तेव्हा तिने हात तिथेच दाबून धरला होता.
डॉक्टरांना वाटलं, पोटात दुखतंय.

चौथ्या दिवशी हॅमिल्टनहून आकडे आले.
दोनशे सात : नऊशे चाळीस. ते ठरलेलंच.
दहापैकी सात गाई शंभराच्या वर.
तीनशे बारा : अकराशे साठ.

डेस फोनवर बराच वेळ गप्प.
"पण काल संध्याकाळी भरलेली बादली दिली तिने."

दिली असेल.
हे काळीज ओरडत नाही, डेस.
अर्धं गेलं तरी उरलेलं अर्धं
पूर्ण पगाराचं काम करत राहतं.
आणि हा आकडाही आजचा नाही,
तीन आठवड्यांपूर्वी तू त्यांना
नदीकाठच्या कुरणात सोडलंस ना,
त्या गवताचा आहे.

शनिवारी पुन्हा गेले. उरलेल्या गाई टोचायच्या होत्या.
त्याच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद,
घामाने मऊ झालेला.
मॉरीनने मला आधीच सांगितलं होतं :
ते आवामुटूच्या दवाखान्यातला, नोव्हेंबरचा,
त्यावर तीच तीन अक्षरं, जी जी टी,
आणि पुढे रिकामी चौकट.

"माणसाचं किती चालतं?"
त्याने विचारलं, गाईकडे बघत.
"साठच्या आत."
"हं."

वहीत त्याने शेवटच्या नंबराखाली
आणखी एक ओळ आखली. समोर काही लिहिलं नाही.
मी नळ्या थंड पेटीत रचल्या,
एक रिकामी उरली, ती तशीच ठेवली वरती.

फाटक लावताना म्हणाला,
झिंक संपलंय, सोमवारी मागवतो.
मागे तीनशे बारा, कुणी हाकललं नसताना,
सावलीकडे चालायला लागली होती.