आवक-जावक

मळ्यातल्या सरकारी संग्रहालयाच्या खिडकीवर
मी कंत्राटी, सहावं वर्ष.
काचेवर दरपत्रक माझ्याच अक्षरात:
बाहेरच्यांना शंभर, गोमंतकीयांना वीस,
यंत्रावर अंगठा उमटला तर.
बारा वर्षांखालची मुलं, सैनिक, निमंत्रित यांना फुकट.

द्वारकी गावडे आली गुरुवारी, भर उन्हात,
रबरी चपला, हातात बाजाराची रिकामी पिशवी.
अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा.
पुन्हा ठेवला.
चाळीस वर्षं मिठात मुरलेला अंगठा
शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत;
यंत्राला त्यात गोवा सापडेना.

"आंगठो कित्याक रे? तोंड पळय.
भितर हांवच आसां."

होती खरी.
चित्रपट अनुदान योजना, वर्ग ब:
पहिला हप्ता पटकथेवर,
दुसरा कच्च्या संकलनावर,
तिसरा, कुठल्याही एका पडद्यावर
सात दिवस चालल्याचा दाखला जोडल्यावर.
चालला सात दिवस, सकाळी नऊचा खेळ.
शेवटच्या दिवशी आम्ही चौघे होतो,
त्यातला एक दाखला न्यायला आलेला.
मग खात्यानं प्रत आमच्याकडे धाडली, जतनासाठी,
आणि आता दालन तीनमध्ये,
लाकडी फावडं आणि रापणीचं जाळं यांच्या मधल्या भिंतीवर,
दर अकरा मिनिटांनी
डोक्यावर मिठाची टोपली घेऊन
ती बांधावरून चालत येते.
खाली पाटी: मिठागरातील स्त्री.
नावाचं विचारलं होतं मी. पाट्यांचा निधी
वेगळ्या शीर्षाखाली येतो म्हणाले.

शंभर मागायला जीभ उचलेना.
फुकटच्या यादीत ती बसेना.
मागे शाळेची रांग वाढत चाललेली.
शेवटी दुसरी वही ओढली, लाल पुठ्ठ्याची, जाड,
आणि आवकच्या रकान्यात लिहिलं:
प्रदर्शित वस्तू, नग एक, दालन तीन.
दुरुस्तीहून परत.

अर्धा तास आत होती.
बाहेर आली ती रागावूनच.
फावडं उलटं टांगलंय म्हणाली.
त्या दिवसाचे दीडशे ठरले होते, शंभरच दिले म्हणाली.
आणि टोपली खाली ठेवायच्या आधीच कापलंय त्यांनी,
"मान दुखता पळोवन."

फावडं मी संध्याकाळी सुलटं केलं, स्टुलावर चढून.
बाकीचं माझ्या अखत्यारीत नव्हतं.

मार्चमध्ये लेखापरीक्षण झालं.
लाल शाईत एकच शेरा, माझ्या नावासमोर:
नग एक आवक. जावक नोंद नाही.
वस्तू सध्या कुठे आहे?

उत्तराचा मसुदा तीनदा फाडला.
चौथा पाठवलाय, योग्य मार्गे, दोन प्रतींत:
वस्तू रायबंदरच्या आगरात आहे,
सकाळी सहापासून
वापरात.