महिरपी कंस

सव्वाअकरा झालेत. कर्वेनगरच्या या गाळ्याखाली
झेरॉक्सवाला शटर ओढतो आहे
आणि माझ्या पडद्यावर, य-अक्षाच्या टोकाला,
दहाचा बारावा घात काही नीट उमटत नाही.
एक वर चढतो, दोन खालीच राहतो.
डेक्कनला बस सुटावी
आणि जोडीतला एकच आत शिरलेला असावा, तसा.

दुपारी मोघे बाईंचा फोन.
वय सत्त्याहत्तर, त्यातली तेहेतीस बीजगणितात.
"अहो, क्षच्या डोक्यावर वर्ग हवा होता,
तुम्ही शेजारी टोपी काय काढून ठेवलीत?
कोण गेलंय त्याच्याकडे?"
मी म्हटलं, बाई, यंत्राला टोपी म्हणजे घात.
"घातच," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

शनिवारात गणपुल्यांचा छापखाना होता तेव्हा
बाई स्वतः जाऊन बसत खिळे जुळवणाऱ्याशेजारी.
विष्णू ढमढेरे. सातवी पास.
बारीक दोन चिमट्यानं उचलायचा,
खाली शिशाची पट्टी सरकवायचा,
वरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा,
"बसला बाई. आता हालत नाही."
वर्ग म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं,
दोन किती उंच बसतो ते ठाऊक होतं.

माझं उलटं.

पादांकातला न तर अजून ओळीतच उभा आहे,
पुढ्यात एक आडवी रेघ धरून.
आणि मी अशा लिपीत वाढलेली
की पहिलीतली पोरगी 'सूर्य' लिहिताना
एक पायाशी, एक माथ्यावर देऊन मोकळी होते,
खोडरबरसुद्धा लागत नाही तिला.

पावणेबाराला सापडलं.
आख्खा बारा महिरपी कंसात घालायचा होता, एवढंच.
ताटाभोवती काढतात तशी
इकडून एक महिरप, तिकडून एक.
एक आणि दोन मुकाट वर गेले.
कंस दिसेनासे झाले.

बाईंना फोटो पाठवला. त्या जाग्याच.
"बारा केसभर खाली आहे. बघा जरा."

मी पडद्यावरून बोट फिरवून बघितलं.
काच. थोडी तेलकट.
बाराही लागला नाही बोटाला, दहाही नाही.